सागर म्हणजे किती पाणी?

पहाटेचे साडेचार. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर, स्वयंपाकघरात एकच दिवा, आणि तुम्ही नळाची वाट बघत बसला आहात. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आज पाळी आहे. दोन बादल्या, एक घंगाळ आणि आईच्या वेळचा पितळी हंडा रांगेत लावून ठेवलाय. टेबलावर वाल्मीकींचं युद्धकांड उघडं पडलंय, शेजारी वही.

भाचीचं काम आहे. न्यू जर्सीतल्या तिच्या मराठी शाळेतली मुलं रामायण बसवताहेत आणि सेतू बांधण्याआधीचे दहा-बारा श्लोक तिला इंग्रजीत हवेत. "तुमचं संस्कृत पक्कं, तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम." तो अर्धा तास परवाच संपला. वानरसेना किनाऱ्याशी येऊन थबकली आहे आणि तिच्याबरोबर तुम्हीही. 'सागर' या शब्दासमोर तुम्ही आधी 'सी' लिहिलंत. ते खोडून 'ओशन'. मग कोणी बघत नाही ना अशा बेताने, पेन्सिलीने, 'लेक' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंत.

हा तिसरा शब्द मालवणच्या माणसाला सुचणार नाही. इंदूरच्या माणसाला सुचतो. नर्मदा घरात येण्याआधी या शहराची तहान भागवणारं गंभीर नदीवरचं धरण, त्याचं नावच यशवंत सागर. समुद्र इथून शंभर कोस लांब, पण सागर गावाबाहेरच!

नळ खाकरतो. पाण्याआधी नेहमीसारखी हवा येते, लांबून कुणीतरी घोरत असल्यासारखी. तुम्ही तोटीवर हात ठेवता, कान जवळ नेता, आणि तोल जातो.

पाणी ज्या वाटेने वर चढतं त्या वाटेने तुम्ही उलटे निघालात. अंगाखाली लोखंड गार लागतं. महू मागे पडतं, विंध्याचा घाट उतरतो, सत्तरेक किलोमीटर अंधारातून घसरत तुम्ही जालूदला पोचता, जिथून इंदूर आपलं पाणी उपसतं. १९७८ च्या अलीकडे इथे पंपांची घरघर असते, पलीकडे नाही. ती थांबते. नळही विरघळून जातो. आता फक्त नदी आहे, काळीभोर, थंडीने वाफाळलेली, आणि ती तुम्हाला प्रवाहाबरोबर थोडं खाली नेऊन दगडी पायऱ्यांवर सोडते. महेश्वर. साल १७८४, दिवस थंडीचे.

पायऱ्या अजून नव्या आहेत, कडांना टोक आहे. वर किल्ल्यात एका दालनात समई तेवते आहे. ओले पाय घेऊन तुम्ही दाराशी टेकता. हाकलून देत नाही कोणी, दानासाठी पहाटे येणाऱ्यांची इथे सवय आहे. आत पांढऱ्या लुगड्यातल्या बाई बसल्या आहेत. पुढे काही दशकांनी कंपनी सरकारचा अधिकारी सर जॉन माल्कम त्यांना पाहिलेल्या माणसांकडून ऐकून त्यांची दिनचर्या इंग्रजीत लिहून ठेवणार आहे: सूर्योदयाआधी उठणं, पूजा, मग पोथी ऐकणं, मग दानधर्म, दुपारी दरबार, रात्री पुन्हा काम. तुम्ही त्यातल्या पोथीच्या वेळेला आला आहात. अहिल्याबाईंना स्वतःला पोथी वाचता येते आणि कळते, हेही माल्कमनेच नोंदवलंय. तरी ऐकणं वेगळं. ते वाचण्याऐवजी नसतं, वाचण्याखेरीज असतं.

पुराणिकबुवा सुटी पानं डाव्या हाताने उचलतात, वाचून झालं की पालथी ठेवतात. आज उत्तरकांड चाललंय, आणि महेश्वरात दुसरं काय चालणार? कारण गोष्ट इथलीच. माहिष्मतीचा राजा सहस्रार्जुन आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवतो, पाणी उलटं चढत जातं आणि वरच्या अंगाला शिवपूजा करत बसलेल्या रावणाची फुलं वाहून नेतं. चिडलेला रावण लढायला येतो आणि बांधला जातो. महेश्वर म्हणजेच माहिष्मती अशी परंपरा, म्हणून श्रोत्यांच्या चेहऱ्यावर गाववाल्याचा अभिमान आहे. बुवा श्लोक म्हणतात, मग मराठीत अर्थ सांगतात. सागरापलीकडच्या लंकेचा राजा, असं संस्कृत येतं. मराठी काय? "सागरापलीकडच्या लंकेचा राजा." झालं भाषांतर! शब्द जागचा हलला नाही.

तुमच्या शेजारी एक कावडवाला घोंगडी पांघरून बसलाय. बाईंच्या खर्चाने गंगेचं पाणी रामेश्वरापर्यंत जातं, तो तिथून परतलाय. तुम्ही हळूच विचारता, "सागर म्हणजे केवढं हो पाणी?" तो तुमच्याकडे बघतो, मग नदीकडे. "पल्याड दिसत न्हाई एवढं." मग थोडं थांबून, "पर आमच्या गावच्या तळ्यालाबी सागरच म्हणतात."

मला वाटतं, सगळा घोळ या दोन वाक्यांत आहे. मराठीला तो कधी जाणवला नाही, कारण मराठीने संस्कृत शब्द उचलून जसाच्या तसा ओटीत घातला आणि अर्थाचा धूसरपणाही त्याच्याबरोबर आला. एकनाथांपासून मोरोपंतांपर्यंत कोणालाही पाणी खारं की गोडं हे ठरवावं लागलं नाही. इंग्रजीत मात्र 'सी' म्हटलं की 'लेक' गेलं. तिथे पुराणिकबुवांना उत्तर द्यावंच लागलं असतं.

आणि इंग्रजी आलेलीच आहे. याच १७८४ च्या ऑक्टोबरात काशीहून गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने एक पत्र लिहिलंय, चार्ल्स विल्किन्सने केलेल्या गीतेच्या इंग्रजी भाषांतराची शिफारस करणारं. विल्किन्सला संस्कृत शिकवायला काशीनाथ भट्टाचार्य नावाचे पंडित होते. ज्या काशीत अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचं देऊळ नुकतंच पुन्हा उभारलं, त्याच काशीतून हे पत्र निघालं. पुढच्या वर्षी लंडनला पुस्तक छापलं जाईल. महाभारताचा एक कोपरा असा समुद्रापार गेला. खऱ्या समुद्रापार, इथे शंका नाही.

समई वाऱ्याने फडफडते. तुम्ही हात आडवा धरता आणि पायाखालची जमीन पुन्हा पातळ होते.

बंगाल नुसता डोळ्यांवरून जातो. श्रीरामपूरचा छापखाना, शाईचा वास, १८०६ साल. विल्यम केरी आणि जोशुआ मार्शमन वाल्मीकी इंग्रजीत छापताहेत. केरी हा तुमच्या ओळखीचा: फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारा, आदल्याच वर्षी मराठीचं व्याकरण छापणारा, नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांना हाताशी धरून काम करणारा. १८१० पर्यंत रामायणाचे तीन खंड निघतात आणि अयोध्याकांड संपतं तिथे काम थांबतं. १८१२ साली तर छापखान्याला आगच लागते. म्हणजे इंग्रजीतलं पहिलं रामायण किनाऱ्यापर्यंत पोचलंच नाही. केरी सुटला, त्याला 'सागर' ठरवावा लागला नाही. तुम्हाला त्याचा थोडा हेवा वाटतो.

पुढचा थांबा पुन्हा काशी, १८७० नंतरची. तिथल्या सरकारी कॉलेजचे प्रिन्सिपल राल्फ ग्रिफिथ पाच खंडांत पद्य रामायण करताहेत. समुद्र ते पार करतात, पण उत्तरकांड बाहेर ठेवतात. महेश्वरची गोष्ट गेली. पुराणिकबुवांना हे कळलं असतं तर त्यांनी पोथी मिटून विचारलं असतं, मग रामायण कोणतं म्हणायचं?

आणि आता घोड्याच्या टापा. तुम्ही इंदुरात आहात, तुमच्याच गावात, पण घर सापडत नाही. राजवाडा सात मजले ताठ उभा आहे, १९८४ ची आग त्याला अजून ठाऊक नाही. टांगेवाला "चलना है क्या, साब" म्हणतो. मिलचा भोंगा होतो आणि माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो. साल १९३५. या वर्षी एप्रिलमध्ये गांधीजी इथे हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून येऊन गेले. त्याच साली मराठी साहित्य संमेलनही इंदुरात. एकाच गावाला एका वर्षात दोन भाषांचा मांडव! इंदूरच्या मराठी माणसाला त्यात नवल वाटत नाही. तो घरात 'पाणी भर' म्हणतो आणि दारात 'पानी आया क्या' विचारतो.

मांडवात गर्दी आहे. उपरणी, पगड्या, काळ्या टोप्या, एका कोपऱ्यात चहा. अध्यक्ष आहेत औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून लोक त्यांना ओळखतात, स्वतः चित्रं काढतात, १९१६ साली त्यांचं चित्ररामायण निघालं. पण आज तुम्ही त्यांच्याकडे बघता ते वेगळ्या कारणाने. १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत याच गृहस्थांनी महाभारताची चिकित्सक, सचित्र आवृत्ती काढा म्हणून आग्रह धरला आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातलं चिमुकलं संस्थान. त्या तिजोरीतले एक लाख म्हणजे काय, याचा अंदाज कराच. होळकरांच्या या गावात बसून मला थोडी असूयाही वाटते.

चहाच्या कोपऱ्यात मात्र महाभारत नाही, लंका चाललीय. धारहून आलेले एक शाळामास्तर आणि देवासचे एक वकील तावातावाने बोलताहेत. तुम्ही कप घेऊन जवळ सरकता.

"अहो, सरदारसाहेबांचं म्हणणं समजून तर घ्या. रावण नर्मदेवर पूजेला येतो. मग लंका जवळच नको का?"

"पुष्पक विमान होतं की त्याच्याकडे! ज्याच्या दारात विमान, त्याच्या स्नानावरून त्याचा पत्ता कसा काढायचा?"

सरदारसाहेब म्हणजे माधवराव विनायक किबे. इंदूरचं सावकारी घराणं, होळकर राज्यात उपपंतप्रधानपदापर्यंत गेलेले, १९२६ च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तुमच्या काळात त्यांचं नाव उरलंय ते किबे कंपाउंड या पत्त्यात. रिक्षावाल्याला सांगायचं आणि उतरायचं. या माणसाने वाल्मीकींचं रामायण नकाशासारखं वाचलं आणि इंग्रजीत मांडलं की रावणाची लंका सिंहलद्वीपात नव्हती, ती मध्य भारतात, अमरकंटकाजवळ होती. १९४७ साली यावर त्यांचं इंग्रजी पुस्तकही येईल.

वकील आता कागदावर आकडे मांडतात. हनुमानाची उडी शंभर योजनांची. योजन आठ-नऊ मैलांचं धरलं तर आठशे मैलांवर आकडा जातो. धनुष्कोडीहून सिंहलचा किनारा वीसेक मैल. मग सिंहल कसं जुळायचं?

"जुळत नाही ना?" मास्तर पुढे सरसावतात. "म्हणून तर म्हणतो, योजन लहान होतं आणि सागर म्हणजे समुद्र नव्हे. मोठं तळं. आपल्याकडे तळ्याला सागर म्हणतातच."

तुमच्या हातातला चहा डचमळतो. वहीतला पेन्सिलीचा शब्द इथे कोणीतरी मोठ्याने उच्चारला. एका शब्दाचं इंग्रजी बदललं की एक अख्खं राज्य भारताच्या टोकापासून उठून गोंडवनात येऊन बसतं. अमरकंटकवाल्यांचा सगळा डोलारा या एका शब्दाच्या खांबावर उभा आहे असं नाही, पण तो खांब काढला तर छप्पर खाली येतं.

मी स्वतः त्या छपराखाली उभा राहणार नाही. शंभर योजनांनी सिंहल खोटं पडत असेल तर अमरकंटकही खरं ठरत नाही; कवीचा शंभर हा जमीन मोजायच्या साखळीचा शंभर नसतो. पण किब्यांना हसणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्यांनी वाल्मीकींना एक सरळ प्रश्न विचारला, नक्की कुठे? हा प्रश्न पोथी ऐकणाऱ्याला पडत नाही, दुसऱ्या भाषेत उत्तर द्यायची वेळ आली की पडतो. इंग्रजी लिहायला बसलेल्या इंदूरच्या सरदाराला तो पडला आणि त्याने आपल्या डोळ्यांसमोरच्या पाण्याने उत्तर दिलं.

तुम्ही धीर करून मधे पडता. "पण मास्तर, सेना पोचते त्या सर्गात चंद्र उगवतो आणि पाणी उसळतं. तिमि, तिमिंगल, मगरी, सगळं आहे. तळ्याला कुठे भरती येते?"

मास्तर क्षणभर गप्प. मग हसून म्हणतात, "ते श्लोक मागाहून कोणी घातले नाहीत कशावरून?"

या उत्तरावर तुमच्याकडे काही नाही. 'सागर' या शब्दाचा अर्थ लावण्याआधी तो श्लोक वाल्मीकींचा की कुणा रसिक पुराणिकाचा हे ठरायला हवं. तुम्ही मंचाकडे बघता, जिथे ते लाख रुपये बसले आहेत. आणि मांडवाची कनात बाजूला सारता तेव्हा बाहेर इंदूर नसतं.

पुणे, भांडारकर संस्था. खोलीत बोलण्याचा आवाज नाही, पुटपुटण्याचा आहे. लांब टेबलं, समोर आखीव कागद. कागदाच्या माथ्यावर महाभारताचा एक श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली ओळीओळीने पोथ्या: काश्मीरची शारदा लिपीतली, बंगालची, नेपाळची, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपींतल्या. पोथीत तेच अक्षर असेल तर चौकोन रिकामा, वेगळं असेल तर ते लिहायचं. एक अक्षर, एक चौकोन. शेवटपर्यंत धरल्या तर १,२५९ पोथ्या. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आरंभाचा मंगलश्लोक लिहून या कामाचा मुहूर्त केला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक आहेत, केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेले. तुमच्यासमोरचे कागद बघितले की दोन्ही शिक्षणं दिसतात. आदिपर्व १९३३ साली पुरं झालं.

तुम्ही एका कागदावर वाकता. चौकोन रिकामे, रिकामे, रिकामे, आणि मधेच एका पोथीत चार जादा श्लोक. बाकी कुणाकडे नाहीत. ते खाली टीपेत जातात, फारच मोठे असले तर परिशिष्टात. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं, ही घराघरातली कथा अशीच परिशिष्टात गेली. गणेशोत्सवाच्या पुण्यात बसून ती बाजूला काढायला काय छाती लागली असेल! सुकथनकर १९४३ साली गेले, काम श्रीपाद कृष्ण बेलवलकरांकडे आलं, मग परशुराम लक्ष्मण वैद्यांकडे, आणि १९६६ साली संपलं. पुढे शिकागोचे व्हॅन ब्युटेनन १९७३ पासून इंग्रजी खंड काढू लागले, नंतर बिबेक देबरॉय यांनी २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत अख्खं महाभारत इंग्रजीत आणलं, ते याच चौकोनांवरून.

आणि याला सगळं नवीनही म्हणायला नको. सतराव्या शतकात कोपरगावचा एक मराठी माणूस काशीत जाऊन राहिला. नीलकंठ चतुर्धर. निरनिराळ्या देशांतल्या पोथ्या गोळा करून चांगला पाठ ठरवला, असं त्याने आपल्या टीकेच्या आरंभीच सांगून ठेवलंय. कलकत्त्यात १८८३ ते १८९६ या काळात किसारी मोहन गांगुलींनी महाभारताचं पहिलं संपूर्ण इंग्रजी भाषांतर केलं. त्यांच्या तळटीपा उघडा, नीलकंठ काय म्हणतो हे जागोजागी सापडेल. इंग्रज वाचकाला गोदाकाठचा हा माणूस दिसत नाही, पण अडल्या शब्दाला तोच हात देतो.

एक कारकून तुमच्याकडे बघतो. "आपण कोण? कोणत्या पोथीचे?" तुम्ही सांगता, रामायण. तो बोटाने गुजरातच्या दिशेला दाखवतो. "ते अजून व्हायचंय. थांबा."

तुम्ही थांबत नाही, काळ पुढे ढकलता. गायकवाडांच्या बडोद्यात, प्राच्यविद्या मंदिरात तोच आखीव कागद, आता वाल्मीकींसाठी. १९५१ ला सुरुवात, १९६० ते १९७५ या काळात सात कांडं छापून तयार. युद्धकांड उचलून तुम्ही उभ्याउभ्याच पानं उलटता, तोच सर्ग शोधता. चंद्र उगवतो. पाणी उसळतं. पोथ्यांची भांडणं मिटल्यावरही तो श्लोक वर मजकुरातच आहे, टीपेत गेलेला नाही. मास्तरांना सांगायला हवं होतं, पण मास्तर पस्तीस-चाळीस वर्षं मागे राहिले, चहाचा कप हातात धरून. आणि ते काय म्हणाले असते तेही तुम्हाला माहीत आहे: सगळ्या पोथ्यांच्या आधी कोणी घातला नाही कशावरून?

याच आवृत्तीवरून रॉबर्ट गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी केलं. पहिलं कांड १९८४ साली, शेवटचं २०१७ साली. युद्धकांड एकटंच २००९ मध्ये, वीटभर जाडीचं, मूळ मजकुरापेक्षा टिपा जास्त. तेहतीस वर्षं! आणि तुमची भाची म्हणाली अर्धा तास.

खळ्ळ.

पाणी आलं. बादलीच्या तळावर पहिली धार आपटते तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात आहात, बाही कोपरापर्यंत ओली. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. बादली भरते, तुम्ही पायाने ती सरकवून हंडा धारेखाली घेता. हंड्यातला आवाज वेगळा, आधी घुमतो, मग जड होतो.

हात पुसून तुम्ही वहीशी येता. 'लेक' हा शब्द खोडरबराने पुसता. कागदावर त्याची पुसट करडी खूण राहते. त्याच्यावरच शाईने 'सी' लिहिता, कारण तळ्याला भरती येत नाही. पुढच्या ओळीत योजन येतं. ते तुम्ही तसंच ठेवता.

हंडा काठोकाठ भरलाय. हे पाणी जालूदहून आलं, त्याआधी पूर्वीचं होशंगाबाद, जबलपूर, मंडला, आणि त्याही आधी अमरकंटकाच्या कुंडातून. किबे बरोबर असतील तर तुमच्या हंड्यात लंकेचं पाणी आहे. बाहेर शेजारच्या बाई विचारताहेत, "पानी आया क्या?" तुम्ही "आया, आया" म्हणता आणि पहिला तांब्या, रोजच्यासारखा, तुळशीला घालायला मागच्या दाराने जाता.